मच्छीच्या तेलाची चव

ज्या औषधाची चव आपल्याला ठाऊक नाही ते दुसऱ्याच्या तोंडात घालायचं नाही, असा आमच्या कंपाउंडरांचा नेम होता. डॉक्टर चिठ्ठी लिहीत, कंपाउंडर खलबत्ता, मापाचा पेला आणि बाटल्या घेऊन मिश्रण तयार करीत, बाटलीला डोसाच्या खुणांची कातरलेली कागदी पट्टी चिकटवीत, आणि मग रोग्याच्या देखत चार थेंब स्वतःच्या तळहातावर घेऊन चाटीत. डोळे मिटून क्षणभर थांबत. "कडू हाये. पन घोटभर पानी पेलं का जाते," असा निकाल दिला की बाटली खिडकीतून बाहेर. नवं मिश्रण असेल तर नव्यानं चाखणं. अमरावतीच्या त्या धर्मादाय दवाखान्यात त्यांना मागून सगळे 'चाखू कंपाउंडर' म्हणत, आणि गल्लीतली पोरं तोंडावर म्हणत.

लावायची औषधं ते चाखत नसत, पण आधी स्वतःला लावून पाहत. त्यामुळे त्यांचा डावा हात कोपरापासून मनगटापर्यंत कधी जांभळा, कधी पिवळा, कधी गंधकाच्या मलमाच्या वासाचा असे. जुलाबाचं औषध चाखताना एकदा अंदाज चुकला आणि दुसऱ्या दिवशी त्यांची रजा पडली, ही गोष्ट आमचा मलमपट्टी करणारा ड्रेसर वर्षानुवर्षं रंगवून सांगायचा. डॉक्टर वैतागत. "अहो, एक दिवस जाल अशानं!" म्हणत. त्यावर कंपाउंडर शांतपणे म्हणत, "मंग तुमाले समजन ना साहेब, का हे कोनाले देऊ नये."

त्यांची एक लांबट वही होती. तिच्यात तीन खाने आखलेले. पहिल्यात पोटात घ्यायच्या औषधाचं नाव, दुसऱ्यात चव, तिसऱ्यात उपयोग. चवीचा खाना झकास भरलेला. 'कारलं, मांगून गोड.' 'भिजल्या भिंतीवानी.' 'जिभेले मुंग्या.' उपयोगाच्या खान्यात मात्र माणूस फार कंजूष. 'दोघायचा ताप उतरला, एकीचा नाई,' एवढंच कुठेतरी. बाकी पानंच्या पानं एकच शेरा : 'ठाव नाई.' रोग्यानं विचारलं, "काका, बरं वाटन ना?" तर तोंडीसुद्धा तेच उत्तर. "ठाव नाई. पेऊन पाहा, अन् मले येऊन सांग." मला सुरुवातीला हा माणूस दवाखान्याचा वैरी वाटायचा. रोगी औषधावर कमी आणि धीरावर जास्त बरा होतो, असं आम्हाला नर्सिंगला शिकवलं होतं. पण लोक त्यांच्याच खिडकीपुढे रांग लावीत, हेही मी पाहत होते.

आमच्या घरानं धम्मदीक्षा घेतली त्याच्या पुढच्या वर्षी मी त्या दवाखान्यात लागले. वलगावहून आलेली, दोन वेण्या घातलेली, तोऱ्यात चालणारी मुलगी. पहिल्याच आठवड्यात सुया उकळायच्या स्टोव्हवर मी सगळ्यांसाठी चहा केला. ड्रेसरच्या पोटात एकाएकी गुबारा धरला. शिपायाला उपवास आठवला. मला काही कळायचं बाकी राहिलं नाही. चहा मोरीत ओतून द्यावा म्हणून मी पातेलं उचललं, तेवढ्यात कंपाउंडर पुढे आले. एक पेला भरून घेतला, घोट घेतला, डोळे मिटले. "साखर कमी हाये. बाकी बरोबर हाये," ते म्हणाले, आणि ड्रेसरच्या हातात स्वतः दुसरा पेला ठेवून पुढे म्हणाले, "घे. म्या चाखला हाये." त्या दिवसानंतर दवाखान्यात कुणाच्या पोटात गुबारा धरला नाही. मी त्यांना काका म्हणायला लागले ते त्या दुपारपासून.

असा हा माणूस फक्त एक औषध चाखत नव्हता. ते म्हणजे मच्छीचं तेल.

अशक्त पोरांसाठी आणि पोटुशा बायांसाठी आमच्याकडे शार्क माशाच्या यकृताच्या तेलाचे डबे येत. डबा उघडला की वास थेट रस्त्यापर्यंत जायचा. काका पक्के माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, मांसमच्छीला स्पर्श नाही. एकदा माळेचा दोरा दवाखान्यातच तुटला, तर पुन्हा ओवून गळ्यात घालीपर्यंत संध्याकाळपावेतो पाण्याचा थेंब घेतला नाही. औषध चाखणं हे जेवणात धरायचं की नाही, हा प्रश्न त्यांना त्या दिवशी इतका जड गेला की त्यांनी एकही नवं मिश्रण केलं नाही, जुन्याच बाटल्या भरून दिल्या. मच्छीच्या तेलाचा चमचा ते हात लांब करून, मान वळवून भरीत आणि पोराच्या आईला न चुकता सांगत, "माय, हे मच्छीचं तेल हाये. मी माळकरी मानूस, म्या चाखलं नाई. बाकी तू पाह्य."

हे ऐकून निम्म्या बाया पोरं उचलून चालत्या होत. डॉक्टर एकदा खूप चिडले. "तुम्हाला बोलायची काय गरज आहे? पिवळं औषध म्हणा आणि द्या!"

"रंग पिवळाच हाये साहेब," काका म्हणाले. "पन रंग म्हंजे नाव नोय."

वहीत त्या तेलापुढे चवीचा खाना कोरा होता. सगळ्या वहीत तेवढाच.

माझा धाकटा भाऊ तेव्हा कॉलेजात होता. वलगावहून सायकलीनं यायचा, दुपारी माझ्या भाड्याच्या खोलीवर जेवायचा आणि जेवताना प्रत्येकाची नक्कल करायचा. डॉक्टरांची, ड्रेसरची, आणि सगळ्यात झकास काकांची. तळहात चाटून, डोळे मिटून "भिजल्या भिंतीवानी!" म्हणायचा. एकदा काकाच दारात उभे होते ते त्याला दिसलं नाही. काकांनी सगळी नक्कल पाहिली आणि म्हणाले, "डोये एवढ्या जोरानं नाई मिटत मी."

एका सकाळी त्याचं तोंड सुजलेलं दिसलं. मी म्हटलं, झोप जास्त झाली असेल. चार दिवसांनी पायही सुजले. दवाखान्यात मीच त्याची लघवी परीक्षानळीत घेऊन स्पिरिटच्या दिव्यावर तापवली. ती वरून दह्यासारखी पांढरी झाली. काका शेजारी उभे होते. ते पांढरं म्हणजे लघवीतून जाणारी प्रथिनं, हे दोघांनाही ठाऊक होतं.

दोन्ही गुरदे गेले आहेत, असं डॉक्टरांनी सांगितलं. मूत्रपिंडाला आमच्याकडे गुरदा म्हणतात. मीठ बंद, डाळ कमी, मांसमच्छी बंद, विश्रांती. मी त्याला माझ्याच खोलीवर ठेवून घेतलं. आई वलगावहून येऊन राहिली. बिनमिठाची भाकर तो आधी तोंड वाकडं करून खायचा, मग ती खाणंही सुटायला लागलं. जेवण पाहिलं की त्याला उमासे येत.

त्याच सुमाराला त्यानं कुठल्याशा वर्तमानपत्रात वाचलं की, विलायतेत एका माणसाचा गुरदा काढून दुसऱ्याला बसवतात. सख्ख्या भावाबहिणीचा असेल तर बरा लागतो. तो कागद त्यानं माझ्यापुढे धरला आणि माझ्याकडे पाहत राहिला. मी दुसऱ्या दिवशी डॉक्टरांपुढे उभी राहिले. म्हटलं, "माझा घ्या." डॉक्टर चांगले गृहस्थ होते. त्यांनी मला खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाले, "बाई, इथे साधं अपेंडिक्स कापायला नागपूरला पाठवावं लागतं."

ड्रेसर हसला. काका हसले नाहीत. "हे होते का नाई, तुमाले ठाव हाये का साहेब?" त्यांनी विचारलं. "ठाव नाई ना? मंग विचाराले काय लागते?" त्याच दिवशी त्यांनी जोडकार्ड आणलं, म्हणजे एक आपण लिहायचं आणि एक कोरं उत्तरासाठी सोबत जातं ते. मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळाच्या पत्त्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलं : 'आमच्या येथे मुलगा आजारी आहे. मूत्रपिंड देणारी बहीण तयार आहे, तब्येतीने खणखणीत. कोणत्या गाडीने यावे ते कळवावे.' ते वाचून मला हसू आलं आणि रडूही आलं.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. कुणी भल्या माणसानं चार ओळी लिहिल्या होत्या. असं काम करायची सोय आमच्याकडे अद्याप नाही, पुढे होईल अशी आशा आहे, दरम्यान रोग्याला मीठ देऊ नये. माझ्या भावानं कार्ड दोनदा वाचलं. "मीठ त आंधीच बंद हाये," म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून झोपला. त्यानंतर त्यानं नकला करणं सोडलं.

मच्छीचं तेल त्याला द्यायचं ही कल्पना माझी. हे मी आज सरळ सांगते. काटक्यांसारखी पोरं त्या तेलानं भरून आलेली मी पाहिली होती, आणि माझा भाऊ माझ्या डोळ्यांपुढे काटकी होत चालला होता. डॉक्टर म्हणाले, "द्यायचं तर द्या. नुकसान काही नाही." मी बाटली भरून घरी नेली. त्यानं वास घेतला आणि माझ्या हातातला चमचा बाजूला सारला. "मच्छी बंद, अन् मच्छीचं तेल चालू! हा कोन्ता न्याय वं बाई?" मी रागावले, विनवलं, आईनं शपथ घातली. तो तोंड उघडेना.

मग मी काकांकडे गेले. म्हटलं, यात पेपरमिंट घाला, गुलाबी रंग घाला, आणि वर दुसरं नाव लिहून द्या. काका म्हणाले, "रंग टाकतो, पेपरमिंट टाकतो. खोटं नाव नाई लिवत."

"त्याच्या जिवाचा प्रश्न आहे!"

"म्हनूनच नाई लिवत."

माझा तोल गेला. खिडकीपुढे रोगी उभे होते, त्यांच्यासमोर मी ओरडले, "तुमचं काय जातं? तुमचा भाऊ नाही तो!" काकांनी पेला खाली ठेवला. संध्याकाळी मात्र ते माझ्या खोलीवर आले आणि पोराच्या उशाशी बसले.

"बावा, कावून पेत नाईस?"

भाऊ त्यांच्याकडे पाहत राहिला. बऱ्याच दिवसांनी त्याच्या डोळ्यांत जुना खट्याळपणा आला. "काका, तुमी समदं चाखून देता. हेच कावून नाई चाखत? तुमी चाखा, मंग मी पेतो."

मी त्याला दटावलं. माळकऱ्याला असं बोलू नये, एवढं आम्हालाही कळत होतं. काका उठले. "पाहू," एवढंच म्हणाले आणि चपला घालून निघून गेले. मला वाटलं, दुखावले.

दुसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता ते परत आले. मी त्यांच्याकडे पाहिलं. गळा मोकळा होता. कित्येक वर्षांच्या माळेखाली ऊन न लागलेली फिकट रेघ तेवढी मानेभोवती दिसत होती. त्यांनी बाटली मागितली, चमचा भरला, पांडुरंगाचं नाव घेतलं आणि तेल तोंडात ओतलं. चार थेंब नाही, सबंध चमचा. डोळे मिटले. या खेपेला खरोखरच फार जोरानं मिटले. नाक आकसलं, कान हलले, शेंडीसुद्धा हलली असं माझी आई शेवटपर्यंत सांगायची.

"सडकं लाकूड," काका बऱ्याच वेळानं म्हणाले. "मांगून लोखंड." आणि मग अगदी आतून, "बापा रे बापा!"

माझा भाऊ हसला. आधी नुसता खोकल्यासारखा, मग पोट धरून, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. मीही हसले, आई पदर तोंडात घालून हसली. त्यानं चमच्यासाठी हात पुढे केला आणि बोलल्याप्रमाणे तेल प्याला. नंतर तळहात चाटून, डोळे मिटून म्हणाला, "लोखंड मांगून नोय काका, आंधीच हाये!"

त्या दिवसापासून रोज चार वाजता काका येत. एक चमचा ते, एक चमचा तो. रोज चवीवरून दोघांची वादावादी. दीड महिना हे चाललं. तो बरा होत नव्हता, हे आम्हाला दिसत होतं. पण चार वाजायची वाट तो पाहत होता, आणि चार वाजायची वाट पाहणारा माणूस आजारी असला तरी घरात असतो. चैत्रात तो गेला. काका मोक्षधामापर्यंत आले, वंदनेला हात जोडून मागे उभे राहिले.

त्यांच्या गळ्यात माळ पुन्हा कधी आली नाही. मी आपलं समजत होते की काही दिवसांनी घालतील. माळ उतरवून मच्छी तोंडी लावलेल्याला ती आपली आपण घालता येत नाही, हे मला उशिरा कळलं. माळ देणाऱ्या बुवांपुढे उभं राहून 'चूक झाली' म्हणावं लागतं, मग ते पुन्हा घालतात. काका बुवांकडे गेले होते. परत आले तेव्हा मी विचारलं.

"चूक झाली म्हनलं का माळ भेटते," ते म्हणाले. "पन चूक झालीच नाई त म्हनू कसा?"

काकू हट्टी माळकरीण. तिनं त्यांचं ताट वेगळं केलं. चुलीपासून लांब, ओसरीवर. ताट वेगळं असणं म्हणजे काय, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. ड्रेसरनं ती बातमी हसत सांगितली आणि मी त्या दिवशी औषधाच्या खोलीत जाऊन रडले. ज्या माणसानं माझा चहा चाखून सगळ्यांना पाजला, त्याचं ताट माझ्या घरापायी वेगळं झालं होतं.

पुढे माझी नेमणूक अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यात झाली. तिथं नवा शिकून आलेला एक तरुण डॉक्टर होता. एकदा सुजलेल्या एका बाईसाठी मी मच्छीच्या तेलाचं विचारलं, तर तो म्हणाला, "नको सिस्टर. गुरद्याच्या रोग्याला त्याचा काही उपयोग नाही. त्यातलं जीवनसत्त्व शरीरात साठत जातं, झाला तर त्रासच होतो." सहज बोलून तो पुढच्या खाटेकडे गेला. मी तिथंच खाटेचा दांडा धरून उभी राहिले.

दोन वर्षं मी हे काकांना सांगितलं नाही. पत्रं लिहिली, त्यांत पाऊसपाण्याचं लिहिलं. त्यांनी 'चूक झाली नाही' म्हणून माळ सोडली होती, ताट वेगळं सोसलं होतं. ती चूकच होती, आणि मुळात माझी होती, हे कोणत्या तोंडानं सांगायचं? पण ज्या माणसानं उभ्या जन्मात एका बाटलीवर खोटं नाव लिहिलं नाही, त्याच्यापासून हे लपवणं म्हणजे दर पत्रागणिक खोटं नाव लिहिणंच होतं. शेवटी एका रविवारी मी गाडीत बसले, बडनेऱ्याला बदलून अमरावतीला आले.

काका निवृत्त झाले होते. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. ओसरीवर बसले होते. "कोन, सिस्टरबाई?" आवाजावरून ओळखलं. मी पाणी प्यायले आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. उपयोग नव्हता. त्रास झाला असेल. कल्पना माझी होती. तुमची माळ माझ्यामुळे गेली.

काका ऐकत राहिले. मग म्हणाले, "तरास लय झाला अशीन का त्याले?"

"ठाऊक नाही, काका. थोडा झाला असेल."

त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "बरं केलं सांगतलं. आन् माळेचं म्हनशीन त, तेल चांगलं हाये म्हनून म्या कोठी उतरवली होती? पोट्ट्यानं म्हनलं, तुमी चाखा. म्हनून चाखलं." मग हातानं दाखवत म्हणाले, "वही आन. तिथं कोनाड्यात हाये. तिसऱ्या खान्यात लिव आता, उपयोग नाई म्हनून. मले दिसत नाई."

मी वही काढली. पानं पिवळी पडली होती. मच्छीच्या तेलाचं पान सापडायला वेळ लागला नाही, बोटांनी हाताळून त्याचा कोपरा मऊ झाला होता. चवीच्या खान्यात होतं, 'सडकं लाकूड, मांगून लोखंड.' आणि उपयोगाच्या खान्यात, जिथं जवळजवळ सबंध वहीभर 'ठाव नाई' लिहिलेलं, तिथं काकांच्या सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, 'पोट्टं हासलं.'

मला पुढचं दिसेना. "इथं जागा नाही, काका," मी कशीबशी म्हणाले.

"त मंग खाली लिव. खरं हाये ते लिवाच लागन."

मी खाली लिहिलं, 'गुरद्याच्या रोगाला उपयोग नाही.' वरच्या ओळीला हात लावला नाही. काकांनी वही डोळ्यांच्या अगदी जवळ नेली, दोन्ही ओळींवरून नाक फिरवल्यासारखं करून वाचलं, वही मिटली आणि माझ्याच हातात परत दिली.

"ठेव तुह्यापाशी," ते म्हणाले. "पोट्टं तुह्यं होतं."